मों ब्लाँला 'माउंट' कशाला?

गेल्या उन्हाळ्यात आमचा आतेभाऊ युरोपची सहल करून आला. आल्या आल्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याने एका पांढऱ्याशुभ्र डोंगराचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'माउंट मॉन्ट ब्लँक, फ्रान्स.' दहा मिनिटांत काकूंचा प्रश्न आला, "पेनाच्या कंपनीचं नाव डोंगराला कसं काय दिलं रे?" भावाने दोन हसरे चेहरे पाठवले आणि विषय संपला. माझा मात्र संपला नाही. भाषांतर हे माझं पोटापाण्याचं काम आहे आणि परदेशी डोंगरांची नावं या कामात फार छळतात. दिसायला दोन शब्द, पण ते कसे म्हणायचे, आधी 'माउंट' लावायचं की नाही, इंग्रजीत त्याच्यापुढे 'द' येतो का, हे सगळं ज्याला त्याला आपापलं शोधावं लागतं.

काकूंचं आधी सांगून टाकतो. पेनाची कंपनी मूळची जर्मनीतल्या हॅम्बुर्गची. तिने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगराचं नाव उचललं. टोपणाच्या टोकावर दिसणारी पांढरी चांदणी म्हणजे त्या डोंगराचा बर्फाळ माथा, आणि निबवर कोरलेला ४८१० हा आकडा म्हणजे त्याची मीटरमधली उंची. तेव्हा डोंगर आधी, पेन नंतर. आकड्याचं म्हणाल तर निबवरचा ४८१० कायमचा आहे, डोंगराचा नाही. माथ्यावर बर्फाची जाड टोपी आहे, खालचा खडक ४,७९२ मीटरवरच संपतो. ती टोपी वाऱ्याने आणि हिमवर्षावाने कमीजास्त होत राहते. २००१ पासून दर दोन वर्षांनी तिकडचे भूमापक वर चढून मोजणी करतात. २०२१ मध्ये उंची ४,८०७.८१ मीटर भरली, २०२३ मध्ये ४,८०५.५९. म्हणजे दोन वर्षांत डोंगर दोन मीटरहून जास्त बुटका झाला.

आता भावाची ओळ. त्याचा 'मॉन्ट ब्लँक' म्हणजे आल्प्समधला डोंगर, आणि हे फ्रेंच नाव म्हणायचं 'मों ब्लाँ'. 'मों' म्हणजे डोंगर, 'ब्लाँ' म्हणजे पांढरा. पांढरा डोंगर, संपलं. आपल्याकडे हेच नाव नेपाळातल्या एका आठहजारी शिखराला आहे, धवलगिरी. धवल म्हणजे पांढरा, गिरी म्हणजे डोंगर. फरक इतकाच की आपण विशेषण आधी ठेवतो आणि फ्रेंच माणूस बहुतेक वेळा नंतर. 'डोंगर पांढरा' असा त्यांचा क्रम. बर्फाच्या डोंगराला पांढरा म्हणायला कोणी कवी लागत नाही, म्हणून हे नाव जगभर पुन्हा पुन्हा सापडतं. स्वित्झर्लंडचं वाइसहॉर्न म्हणजे पांढरं शिंग. हवाई बेटांवरचा मौना केआ म्हणजे पांढरा पर्वत. लेबनॉन हे देशाचं नावही 'पांढरा' या अर्थाच्या सेमिटिक धातूवरून, तिथल्या बर्फाळ डोंगरांमुळे आलेलं आहे.

तर 'माउंट मॉन्ट ब्लँक' म्हणजे झालं 'डोंगर डोंगर पांढरा'. हसायच्या आधी जरा आपल्या शाळेच्या भूगोलात डोकावू या. 'सह्याद्री पर्वत' असं आपण सगळे लिहीत आलो. 'अद्रि' म्हणजेच पर्वत, म्हणजे आपण 'सह्य पर्वत पर्वत' म्हणतो. 'विंध्याचल पर्वत' मधला अचल म्हणजे पर्वत. 'रायगड किल्ला' म्हणताना गड आणि किल्ला दोन्ही येतात. यात अडाणीपणा नाही. नावातला डोंगरवाचक शब्द कानाला डोंगर म्हणून ऐकू येईनासा झाला की माणूस आपल्या रोजच्या बोलीतला शब्द वर जोडतो. संस्कृतातला 'अद्रि' आपल्याला ऐकू येत नाही, फ्रेंचमधला 'मों' इंग्रजाला ऐकू येत नाही.

पण थांबा, इंग्रजाला तो ऐकू यायला हवा होता. इंग्रजीतला 'माउंट' आणि फ्रेंचमधला 'मों' एकाच आईची लेकरं आहेत. लॅटिनमध्ये डोंगराला 'मोन्स' म्हणत आणि त्याचं विभक्तीतलं रूप 'मोन्तेम'. त्यातून फ्रेंच 'मों', इटालियन 'मोन्ते', आणि काही थेट, काही नॉर्मन फ्रेंचच्या वाटेने इंग्रजी 'माउंट'. दुसऱ्या शब्दाची गोष्ट याहून गमतीची. लॅटिनमध्ये पांढऱ्याला 'आल्बुस' होता, 'ब्लाँ' नव्हता. 'ब्लाँ' हा जर्मानिक टोळ्यांचा शब्द, चकाकणारा या अर्थाचा, जो फ्रँक लोकांबरोबर फ्रेंचमध्ये शिरला आणि जुन्या लॅटिन शब्दाला हुसकावून बसला. पुढे फ्रेंचमधून तोच शब्द इंग्रजीत गेला आणि 'ब्लँक' झाला, म्हणजे न लिहिलेला, पांढरा, कोरा. कोरा चेक तो ब्लँक चेक. पांघरायचं ब्लँकेटही त्याच घरातलं, कारण ते मुळात पांढऱ्या लोकरीच्या कापडाचं नाव होतं.

म्हणजे इंग्रजीने हे दोन्ही शब्द दोनदा घेतले. एकदा मध्ययुगात, तेव्हा ते चावून चावून आपलेसे केले: माउंट, ब्लँक. आणि दुसऱ्यांदा अठराव्या शतकात, तेव्हा जसेच्या तसे उचलून ठेवले: मों ब्लाँ. मराठी माणसाला ही भानगड समजावून सांगावी लागू नये. क्षेत्र आणि शेत, गृह आणि घर, अग्नी आणि आग. एक तत्सम, एक तद्भव. 'माउंट' आणि 'ब्लँक' हे इंग्रजीतले तद्भव समजा आणि 'मों ब्लाँ' तत्सम. या एका किल्लीने इंग्रजीतल्या फ्रेंच डोंगरनावांची बरीच कुलुपं उघडतात, म्हणून ती हाताशी ठेवा.

तत्सम शब्दाचा सोवळेपणा उच्चारातही पाळावा लागतो. फ्रेंच लिखाणात या नावाच्या पहिल्या शब्दाच्या शेवटी 'टी' आहे आणि दुसऱ्याच्या शेवटी 'सी', पण दोन्ही मुके. उरतात ते दोन नाकातले स्वर. पुस्तकातून शिकलेली मराठी बोलणाऱ्याला ते अवघड जातात, कारण आपण अनुस्वार दिसला की त्याचा न किंवा म करतो. 'मोंट' म्हटलं की जीभ न्‌ला टेकलीच. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला मात्र यात काही विशेष नाही. कोंकणीतलं 'हांव' म्हणून बघा. त्यात न नाही, म नाही, स्वरच नाकातून जातो. तसाच 'मों', तसाच 'ब्लाँ'. एकेकाळी मराठीतही आपण 'नांव', 'गांव' अशी टिंबं देत होतो. १९६२ च्या लेखननियमांनी उच्चारात न उरलेली ती टिंबं काढून टाकली. नियम बरोबरच होता, पण फ्रेंच नावं लिहिताना कधी कधी त्या टिंबांची आठवण येते.

इंग्रज स्वतः काय म्हणतात? शिकलेला ब्रिटिश माणूस दोन्ही शेवटची अक्षरं गिळतो आणि नाकातून बोलायचा प्रामाणिक प्रयत्न करतो. अमेरिकेत कधी कधी शेवटचे 'ट' आणि 'क' ऐकू येतात, आणि ते कोणाला फारसं खटकत नाही. आपल्याकडे पेनाच्या दुकानात 'मॉन्ट ब्लँक' चालतं. तिथे 'मों ब्लाँ दाखवा' म्हणालात तर दुकानदार तुम्हाला दुसरंच काहीतरी दाखवेल. डोंगर आणि पेन यांचे उच्चार वेगळे ठेवायला माझी हरकत नाही.

आता खरा प्रश्न. इंग्रजांनी हे नाव भाषांतरित का नाही केलं? अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये 'व्हाइट माउंटन्स' आहेतच, मग आल्प्समधल्या या डोंगराला 'व्हाइट माउंटन' म्हणायला कोणाची आडकाठी होती? उत्तरासाठी १७४१ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी जिनिव्हाहून निघालेले विल्यम विंडम आणि रिचर्ड पोकॉक हे इंग्रज आपल्या सोबत्यांसह मों ब्लाँच्या पायथ्याच्या शामोनीच्या खोऱ्यात पोचले. वाटेत लुटारू भेटतील म्हणून हत्यारं बांधून गेले होते. भेटले ते साधे शेतकरी आणि गुराखी. त्यांच्यासाठी वरचे डोंगर म्हणजे शापित डोंगर होते, आणि त्या नावाचा एक भाग आजही मों ब्लाँच्या शेजारच्या ४,४६५ मीटरच्या शिखराला चिकटून आहे. विंडमने वरची हिमनदी पाहून लिहिलं की एखादं सरोवर वादळाने खवळलेलं असताना एका क्षणात गोठलं, अशी कल्पना करा. त्याच कल्पनेतून पुढे त्या हिमनदीला 'मेर द ग्लास' हे नाव पडलं. मेर म्हणजे समुद्र, ग्लास म्हणजे बर्फ. कल्पना इंग्रज माणसाची, पण नाव मात्र फ्रेंचमध्ये. इंग्रज आजही तिला 'द मेर द ग्लास'च म्हणतात.

पुढची पन्नास वर्षं इंग्रज इथे येत राहिले आणि त्यांना वर नेणारे वाटाडे फ्रेंच आणि तिथल्या प्रदेशाची, म्हणजे सावॉयची बोली बोलत. १७६० मध्ये जिनिव्हाच्या होरास बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञाने माथ्याची वाट शोधणाऱ्याला बक्षीस लावलं. ते पदरात पडायला सव्वीस वर्षं लागली. ८ ऑगस्ट १७८६ ला शामोनीचा डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार आणि स्फटिक शोधणारा जाक बाल्मा माथ्यावर पोचले. पुढच्या वर्षी सोस्यूर स्वतः चढला. तोवर इंग्रजी लिखाणात 'माउंट ब्लँक' हे अर्धं भाषांतरित रूपही दिसतं. मग हळूहळू ते मागे पडलं. १८१६ च्या उन्हाळ्यात इंग्रज कवी शेली त्या खोऱ्यात आला आणि त्याने कवितेला शीर्षक दिलं ते फ्रेंच रूपातच. १८५१ मध्ये अल्बर्ट स्मिथ नावाचा लंडनचा लेखक-नट डोंगर चढून आला आणि १८५२ पासून सहा वर्षं पिकॅडिलीतल्या एका सभागृहात चित्रं सरकवत त्याची गोष्ट सांगत राहिला. लंडनचे लोक तिकीट काढून झुंबड करत. ज्या नावाची तिकिटं खपतात ते नाव कोण कशाला बदलेल?

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. १७८६ मध्ये मों ब्लाँ फ्रान्समध्ये नव्हता. शामोनी सावॉयच्या डचीत, म्हणजे ड्यूकच्या मुलखात होतं आणि सावॉय सार्डिनियाच्या राजाकडे. क्रांतीच्या काळात फ्रान्सने सावॉय घेतलं, नवा जिल्हा करून त्याला या डोंगराचंच नाव दिलं, मग नेपोलियन पडल्यावर परत केलं, आणि १८६० मध्ये करार करून कायमचं घेतलं. म्हणजे नाव फ्रेंच होतं ते देशामुळे नव्हे, तिथे बोलल्या जाणाऱ्या भाषेमुळे. सावॉयच्या बोलीची खूण तर शामोनीच्या नावातच आहे. त्याच्या शेवटी एक्स लिहितात आणि बोलत मात्र नाहीत. तिकडच्या अनेक गावांच्या शेवटी असेच मुके एक्स आणि झेड आहेत. जोर शब्दात कुठे द्यायचा हे दाखवणाऱ्या त्या जुन्या लेखनिकांच्या खुणा आहेत. 'शामोनिक्स' म्हणणाऱ्या पर्यटकाला तिथे रोज कोणीतरी सौम्यपणे दुरुस्त करत असणार.

आता व्याकरण. इंग्रजीत 'द' कुठे लागतो याने आपल्या शाळांनी पिढ्या रडवल्या, आणि डोंगरांच्या नावांत तर तो लहरी वाटतो. एव्हरेस्टला नाही, पण मॅटरहॉर्नला आहे. मों ब्लाँला नाही, पण आल्प्सला आहे. यात काही सूत्र आहे. डोंगरवाचक शब्द पुढे असेल, म्हणजे माउंट, बेन, मोन्ते, मों यांनी नाव सुरू होत असेल, तर इंग्रजी 'द' लावत नाही: माउंट फुजी, बेन नेव्हिस, मोन्ते रोझा, मों ब्लाँ. तो शब्द जर्मन पद्धतीने शेपटीला असेल, तर लावते: द मॅटरहॉर्न, द वाइसहॉर्न. आणि अनेकवचनी रांगांना नेहमी: द आल्प्स. फ्रेंच माणूस मात्र आपल्या डोंगराला उपपद लावल्याशिवाय बोलतच नाही. तो 'ल मों ब्लाँ' म्हणतो, आणि पुस्तकात नेमकं लिहायचं झालं तर 'मों' मधलं पहिलं अक्षर लहान आणि 'ब्लाँ'चं मोठं ठेवतो, कारण त्याच्या लेखी 'मों' हा साधा सामान्यनाम शब्द आहे, आपल्या 'डोंगर' सारखा. तेच नाव डोंगराऐवजी आख्ख्या डोंगरसमूहाला, रस्त्याला किंवा गावाला लागलं की दोन्ही अक्षरं मोठी आणि मध्ये जोडरेघ. इंग्रजीला या नाजूकपणाशी देणंघेणं नाही. ती दोन्ही अक्षरं मोठी करते, रेघ सोडून देते आणि 'ल' उतरवून ठेवते.

पण तो 'ल' काही ठिकाणी चोरपावलांनी परत येतो. आजकाल आपल्याकडचे बरेच ट्रेकर 'टूर द्यू मों ब्लाँ' करून येतात. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाणारी सुमारे १७० किलोमीटरची ही वाट आहे. यातल्या 'द्यू' मध्ये 'द' आणि 'ल' विरघळलेले आहेत, म्हणजे 'च्या भोवतीची' मधला संबंध आणि उपपद दोन्ही एकातच. आणि 'टूर' म्हणजे सहल नव्हे, फेरी. वर चढायचं नाही, भोवती फिरायचं. 'मों ब्लाँ टूर पॅकेज' अशी जाहिरात पाहून गेलेल्या माणसाला माथा सर करायला मिळणार नाही, प्रदक्षिणा मिळेल. प्रदक्षिणा हाच त्याचा चोख मराठी शब्द.

सायकल शर्यतीचे इंग्रज समालोचक याच्या उलट करतात. दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्समधल्या मों व्हाँतू या डोंगराला ते कधी पूर्ण नावाने, कधी नुसतं 'द व्हाँतू' म्हणतात. 'मों' काढला की 'द' आत येतो. कारण नावाचा डोंगरपणा कशाने तरी भरून काढावा लागतो. मग 'द ब्लाँ' का कोणी म्हणत नाही? कारण ब्लाँ नुसतं विशेषण आहे. 'द पांढरा' म्हटल्यासारखं होईल. व्हाँतूबद्दल एक इशारा देऊन ठेवतो. फ्रेंच येणारा कोणीही सांगेल की त्याचा अर्थ 'वाऱ्याचा डोंगर', आणि तिथे वाराही असा असतो की सायकलस्वार उडावेत. पण त्या परिसरात 'विंतुर' या देवतेचे रोमन काळातले शिलालेख मिळाले आहेत. नाव बहुधा त्या जुन्या शब्दाचं असावं आणि वाऱ्याचा अर्थ नंतर चिकटला असावा. सोपी व्युत्पत्ती समोर आली की मी तरी जरा थांबतो.

डोंगरांच्या नावांत इंग्रजीने फ्रेंचकडून आख्खं शब्दभांडारच उचललं आणि मला यातला हा भाग सगळ्यात आवडतो. इंग्लंड सपाट देश, तिथे बर्फाचे उभे डोंगर नाहीत, म्हणून शब्दही नव्हते. १८५७ मध्ये लंडनला अल्पाइन क्लब निघाला तोवर सभासदांच्या तोंडी शामोनीच्या वाटाड्यांचे शब्द बसले होते. एग्वी म्हणजे सुई, आपल्या भाषेत सुळका. आरेत म्हणजे माशाचा काटा, आपली धार. कुलवार म्हणजे दोन कड्यांमधली बोळ, आपल्या सह्याद्रीतली घळ किंवा नाळ. कोल म्हणजे मान, आपली खिंड. सेराक म्हणजे हिमनदीत उभे राहिलेले बर्फाचे कोसळू बघणारे ठोकळे. हा शब्द मुळात सावॉयमधल्या एका पांढऱ्या चीजचा, आणि पहाडावरच्या गुराख्याला बर्फाचा ठोकळा पाहून ते चीज आठवलं यात नवल काय. हिमनदीतल्या भेगेला 'क्रेव्हास' म्हणतात. हाच शब्द इंग्रजीने मध्ययुगात एकदा घेऊन 'क्रेव्हिस' केला होता, खडकातली किंवा भिंतीतली बारीक फट या अर्थाने. पुन्हा तत्सम आणि तद्भव.

या नावांचे अर्थ कळले की नकाशा बोलायला लागतो. शामोनीच्या डोक्यावर 'एग्वी द्यू मिदी' नावाचा ३,८४२ मीटरचा सुळका आहे, केबलने वर जाता येतं म्हणून सगळे पर्यटक जातात. 'मिदी' मध्ये 'मध्य' दिसतो म्हणून मधला सुळका असा अर्थ लावला जातो. पण मिदी म्हणजे दुपारचे बारा, आणि म्हणूनच दक्षिण. शामोनीत उभं राहून बघितलं तर भर दुपारी सूर्य त्या सुळक्यावर येतो. गावाचं घड्याळच ते. सुईची कल्पना आपल्याही डोंगरी बोलीत आहे. राजगडावर, रतनगडावर डोंगराला आरपार भोक आहे, त्याला आपण नेढं म्हणतो, सुईचं नेढं. त्यांनी सुई पाहिली, आपण तिचं भोक.

आणि हे शब्द तिथेच थांबले नाहीत. एव्हरेस्टच्या वाटेवर सुमारे ७,९०० मीटरवर 'साउथ कोल' आहे, जिथून १९५३ मध्ये हिलरी आणि तेनझिंग वर गेले. तो 'कोल' म्हणजे आल्प्समधून इंग्रजांच्या खिशातून हिमालयात आलेला फ्रेंच शब्द. त्याच्या खालच्या दरीला मात्र इंग्रज गिर्यारोहक मॅलरीने १९२१ मध्ये वेल्श शब्द दिला, कूम. आपले गिर्यारोहकही बेलाशक कोल म्हणतात. दोरावरून उतरण्याला 'रॅपलिंग' म्हणतात, तो फ्रेंच 'रापेल' म्हणजे परत बोलावणं, कारण उतरून झाल्यावर दोर खाली ओढून परत घ्यायचा असतो. लोणावळ्याच्या कड्यावर रविवारी दोराला लटकलेल्या पोरांना सांगायला हवं की तुम्ही शामोनीची भाषा बोलताय.

सगळीच फ्रेंच डोंगरनावं इंग्रजीत इतकी सोवळी राहिली असं मात्र नाही. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर भरतीच्या पाण्यात उभं असलेलं मों-सँ-मिशेल इंग्रज तसंच म्हणतात. पण इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये त्याचं जुळं भावंड आहे, तसंच समुद्रातलं, तोच संत, अकराव्या शतकात त्याच मठाला दिलेलं. ते मात्र 'सेंट मायकल्स माउंट'. घरातलं ते तद्भव, परक्याचं ते तत्सम. अमेरिकेत तर फ्रेंचांची नावं इंग्रजी जिभेवर पार विरघळून गेली. व्हरमाँट राज्याच्या नावात फ्रेंच 'हिरवा' आणि 'डोंगर' आहेत. तिथल्या रांगेला वर पुन्हा 'ग्रीन माउंटन्स' म्हणतात, कारण राज्याच्या नावातला हिरवा डोंगर कोणाला ऐकूच येत नाही. १६०४ मध्ये शाँप्लँ या फ्रेंच दर्यावर्दीने मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या एका बेटाला उघड्याबोडक्या डोंगरांचं बेट म्हटलं. त्याचं 'माउंट डेझर्ट आयलंड' झालं. तिथले लोक 'डेझर्ट' शब्द वाळवंटासारखा म्हणायचा की जेवणानंतरच्या गोडासारखा, यावर अजून वाद घालतात. आणि वायोमिंगमधलं ४,१९९ मीटरचं ग्रँड टीटन? फ्रेंच फासेपारध्यांनी तिथल्या तीन शिखरांना जे नाव दिलं त्याचा अर्थ स्तन. इंग्रजीने अर्थ न विचारता नाव घेतलं आणि १९२९ मध्ये त्यावर राष्ट्रीय उद्यान उभं केलं. अर्थ झोपला नसता तर ते नाव टिकलं असतं का, शंकाच आहे.

मराठी वर्तमानपत्रांत मों ब्लाँचं नाव कधी नाही ते पहिल्या पानावर आलं ते मात्र दुःखद कारणाने. ३ नोव्हेंबर १९५० ला मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान या डोंगरावर आदळलं आणि ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ ला पुन्हा मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग जिनिव्हाला उतरता उतरता त्याच डोंगरावर गेलं. ११७ जण गेले, त्यात होमी भाभा होते. दोन्ही विमानांचे अवशेष बोसाँ हिमनदीत गाडले गेले, आणि हिमनदी वाहती असल्याने ते हळूहळू खाली येत राहिले. २०१२ मध्ये भारत सरकारच्या टपालाची एक पिशवी सापडली. २०२० मध्ये बर्फातून १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रं बाहेर आली, इंदिरा गांधी पंतप्रधान होणार ही बातमी त्यावर वाचता येत होती. मुंबईच्या माणसासाठी ते नाव पेनाचं नाही की सहलीचंही नाही, हे काकूंना सांगितल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग मराठीत लिहायचं कसं? मी 'मों ब्लाँ' लिहितो. पहिल्यांदा नाव येतं तेव्हा 'मों ब्लाँ हे शिखर' म्हणतो, पुढे नुसतं मों ब्लाँ. 'माउंट' कधीच नाही. प्रत्यय बिनदिक्कत लावतो: मों ब्लाँवर, मों ब्लाँच्या पायथ्याशी. लिंगाचा पेच मात्र खरा आहे. शिखर धरलं तर 'मों ब्लाँ दिसलं', डोंगर धरला तर 'दिसला'. मी 'दिसला' लिहितो, कारण नावातच डोंगर आहे आणि फ्रेंचमध्येही तो पुल्लिंगी आहे. दुसऱ्या बाजूच्याला मी चूक म्हणणार नाही.

हे सगळं लांबलचक लिहून भावाला पाठवलं. त्याने वाचलं असेल असं वाटत नाही, पण फोटोखालची ओळ मात्र बदलली: 'मों ब्लाँ, फ्रान्स.' मग मी फोटो मोठा करून पाहिला. खालच्या कोपऱ्यात एका हॉटेलाची पाटी होती, इटालियनमधली. फोटो कुर्मायरचा होता, म्हणजे डोंगराच्या पलीकडच्या बाजूचा. तिकडे त्याला 'मोन्ते बियांको' म्हणतात. फ्रेंच नकाशे माथा पूर्ण फ्रान्समध्ये दाखवतात, इटलीचे नकाशे सरहद्द बरोबर माथ्यावरून नेतात आणि दोघांचा तो वाद दीडशे वर्षांहून जुना आहे. भावाला कळवलं. तो म्हणाला, "तू सांगतोस तसं लिहितो, पण आता 'फ्रान्स' काढू की ठेवू?"